कुड्याच्या काढ्याला झोन आला नाही, म्हणून आजी चुकली का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकला एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी कुड्याची साल घेतली. पेठ तालुक्यातली तिची आजी मुरडा आला, आव पडली की याच सालीचा काढा देते. विद्यार्थिनीने पाण्यातला आणि मेथॅनॉलमधला असे दोन अर्क केले. दोन्ही सुकवून १०० मिग्रॅ प्रति मिली या प्रमाणात विरघळवले आणि अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, पाडलेल्या खड्ड्यांत ५० मायक्रोलिटर टाकले. मेथॅनॉलच्या अर्काला स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १४ मिमी आणि ई. कोलायवर ९ मिमी झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, आला. पाण्याच्या अर्काला दोन्हीकडे काहीच नाही. गाइड म्हणतात, ‘पाण्यातला अर्क निष्क्रिय’ असं लिहून मोकळ्या व्हा. ती विचारते, मग आजी इतकी वर्षं देत होती ते काय होतं?

मी पंचवीस वर्षं वनौषधींचा कच्चा माल तपासतोय, बहुतेक काळ सातपूर-अंबडच्याच लॅबमध्ये. कुड्याची साल या हातांखालून पोत्यांनी गेली आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही विचारताय की काढा उपयोगी आहे का. तुमच्या प्लेटने उत्तर दिलंय ते वेगळ्याच प्रश्नाचं. प्लेट एवढंच सांगते की तुम्ही गाळून स्वच्छ केलेल्या द्रावणातून असं काही अगारमध्ये पसरलं का, ज्याने हे दोन जिवाणू वाढायचे थांबले. साल कुड्याचीच होती, कामाचं द्रव्य गाळलेल्या पाण्यात उतरलं होतं, ते अगारमधून सरकू शकतं आणि आजीकडे येणाऱ्यांची पोटं याच जिवाणूंनी बिघडली होती, हे सगळं तुम्ही गृहीत धरलंय. मला यातल्या एकाही गोष्टीची खात्री वाटत नाही.

सालीपासून सुरू करू. ती कुठून आणली हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. आजीच्या ओळखीच्या झाडाची असेल तर चिंता नाही. शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातली असेल तर थांबा. आपल्याकडे ‘कुडा’ म्हणून तीन झाडं ओळखली जातात. पांढरा कुडा, म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, हाच आयुर्वेदातला कुटज. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असं आहे, म्हणजे नावातच आवेवरचं औषध. काळा कुडा आणि तांबडा कुडा हे राइटिया प्रजातीचे, तेही एपोसायनेसी कुटुंबातलेच, पण त्यांचं रसायन वेगळं. मेच्या शेवटी सावळ घाटातून पेठकडे जाताना पांढऱ्या फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात, तेव्हा झाड ओळखणं सोपं असतं. पण वाळलेली, तुकडे केलेली साल पोत्यात भरली की भल्याभल्यांची फसगत होते. बियांचं एक बरं आहे. पांढऱ्या कुड्याचा इंद्रजव जिभेवर ठेवताच कडूजहर लागतो, काळ्या कुड्याच्या बीला बाजारात गोडा इंद्रजवच म्हणतात.

माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका लॉटमधला तुकडा मी चावून पाहिला. कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळला. परीक्षानळीतली चाचणीही बरोबर आली आणि मी सही ठोकली. पुढे उत्पादनात अल्कलॉइडचं, म्हणजे सालीतल्या कडू औषधी द्रव्याचं, प्रमाण निम्म्यावर आलं तेव्हा उरलेली पोती जमिनीवर उपडी केली. वरच्या हातभर थरात पांढरा कुडा, खाली सगळा काळा. मी नमुना वरूनच घेतला होता. तेव्हापासून पोत्याच्या तळाशी हात घातल्याशिवाय मी नमुना घेत नाही. तुम्हीही ताजी फांदी, पानं आणि शेंग घेऊन कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवून घ्या. नमुना दाबून, वाळवून ठेवा. प्रबंधात त्याचा क्रमांक नसेल तर पुढचं सगळं वाळूत बांधल्यासारखं आहे.

आता सालीत असतं काय ते पाहू. कुड्याचं मुख्य द्रव्य म्हणजे स्टेरॉइडच्या सांगाड्यावर बसलेली अल्कलॉइड्स. त्यात कोनेसीन सर्वांत जास्त अभ्यासलेलं. त्याच्या रेणूत २४ कार्बन, ४० हायड्रोजन आणि २ नायट्रोजन असतात. शिवाय कोनेसिमीन, आयसोकोनेसिमीन, कोनिमीन, होलॅऱ्हिमीन, कुर्चीन अशी भावंडं आहेत. चांगल्या सालीत सगळी मिळून २ टक्क्यांच्या आसपास भरतात. झाडाचं वय, मुळाची साल की खोडाची, कुठल्या ऋतूत काढली, यावर हे कमी-जास्त होतं. सोबत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, असतात आणि तुमच्या प्रयोगातला घोळ बहुधा त्यांनीच घातलाय.

टॅनिन आणि अल्कलॉइड पाण्यात एकत्र आले की जोडी जमवून खाली बसतात. रसायनशास्त्रात टॅनिक आम्लाने अल्कलॉइडचा साका पाडणं ही जुनीच चाचणी आहे. साल उकळताना पाणी गरम असतं तोवर बरंचसं द्रव्य विरघळलेलं राहतं. भांडं उतरवून ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात काढा गढूळ होतो आणि तळाशी तपकिरी साका बसतो. तुम्ही लिहिलंय, ‘थंड झाल्यावर व्हॉटमन क्र. १ मधून गाळून स्वच्छ, पारदर्शक द्रावण घेतलं.’ मी हे वाक्य वाचून कपाळाला हात लावला. माझा अंदाज असा, की कामाचा मोठा वाटा त्या गाळणकागदावर राहिला आणि तुम्ही कागद टोपलीत टाकलात.

खात्री करणं सोपं आहे. पुन्हा काढा करा, थंड होऊ द्या, गाळा. कागदावरचा साका पाच टक्के ॲसेटिक आम्लात हलवा, पुन्हा गाळा आणि त्यात ड्रॅगेनडॉर्फचा अभिकर्मक (अल्कलॉइड ओळखायचं रसायन) दोन-तीन थेंब टाका. शेजारच्या नळीत मूळ गाळलेलं पाणी घ्या, त्यालाही तेवढंच आम्ल घाला आणि तेच करा. साक्याच्या नळीत दाट नारिंगी-लाल गाळ आणि दुसऱ्या नळीत नुसती झाक दिसली, तर ‘निष्क्रिय’ हा शब्द खोडा. ड्रॅगेनडॉर्फ एकटा पुरावा होत नाही, तो इतरही काही द्रव्यांना फसतो. पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

जाता जाता एक गंमत. ड्रॅगेनडॉर्फचा अभिकर्मक म्हणजे बिस्मथ आणि पोटॅशियम आयोडाइडचं मिश्रण. नळीत दिसतो तो गाळ अल्कलॉइड आणि बिस्मथ आयोडाइड यांचा. १९३० च्या आसपास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी अमीबाच्या जुनाट आवेवर ‘कुर्ची बिस्मथ आयोडाइड’ (कुर्ची म्हणजे कुडाच) वापरून पाहत होते. ते औषध याच जातीचं. आपण नळीत चाचणी म्हणून पाहतो, ते एके काळी रुग्णांना पोटात दिलं जायचं.

आता आजीकडे येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर ताकात उगाळून देतात. ताक आंबट असतं, आणि आम्ल मिळालं की टॅनिनला चिकटलेली अल्कलॉइड्स सुटून क्षाराच्या रूपात विरघळतात. लॅबमध्ये आम्ही सौम्य आम्ल वापरून नेमकं हेच करतो. शिवाय उगाळलेलं कोणी गाळत नाही, साक्यासकट पितात. ताकाची योजना याच हेतूने झाली असा दावा मी करणार नाही. पोट बिघडलं की ताक, हा आपला सरधोपट नियमही त्यामागे असेल. पण रसायनाच्या नजरेने पाहिलं तर आजीची कृती आणि तुमची कृती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परंपरेचा काढा तपासला असं म्हणायचं असेल, तर आजी करते तसाच करावा लागेल.

मेथॅनॉलच्या १४ मिमीकडे वळू. त्यावर मी फार खूश होणार नाही. तुमच्या खड्ड्यात १०० मिग्रॅ प्रति मिलीचे ५० मायक्रोलिटर, म्हणजे ५ मिग्रॅ अर्क गेला. शेजारी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध होतं. अर्क हजारपट टाकला आणि झोन निम्म्याहून लहान आला. ई. कोलायचे ९ मिमी तर खड्ड्याचे ६ मिमी धरून आहेत, म्हणजे कडेला दीड-दीड मिमीची पट्टी. अर्क ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचा नुसता खड्डा ठेवला होता का? तो प्रश्नात दिसत नाही. नसेल तर हा ९ मी मोजणारच नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस ग्रॅम पॉझिटिव्ह आहे, त्याला बाहेरचं पटल नाही. टॅनिनने भरलेली कुठलीही साल मेथॅनॉलमध्ये काढून पुरेशी ओतली तर तो थोडाफार मागे हटतो. म्हणून मी मुलांना एक खोडी सांगतो. कुड्याच्या शेजारी बाभळीच्या सालीचा अर्क त्याच प्रमाणात टाकून पाहा. तिथेही १३-१४ मिमी आला, तर तुमचा झोन कुड्याचा नसून टॅनिनचा आहे असं समजायला हरकत नाही. ही तुलना एकाही प्रबंधात माझ्या पाहण्यात आली नाही, आणि त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे: निकाल पाहून गाइडचा चेहरा पडतो.

मी स्वतः याहून वाईट चूक केली आहे. एकदा आम्लातला अर्क तसाच, पीएच ३ च्या जवळपास असताना, प्लेटवर टाकला. १८ मिमीचा सुरेख गोल. दोन दिवस हवेत होतो. मग एका सहकाऱ्याने शेजारी नुसतं तेवढंच आम्ल टाकलं, त्यालाही १५ आला. तेव्हापासून अर्काचा पीएच ७ च्या आसपास आणल्याशिवाय मी प्लेट लावत नाही.

झोनचा आकार आणि ताकद यांचा सरळ संबंध नसतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं, पण वनस्पती हातात आली की विसरलं जातं. चकतीची पद्धत १९६६ साली बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी बसवून दिली ती शुद्ध प्रतिजैविकांसाठी. तिथे रेणू ठरलेला, मात्रा ठरलेली, अगारची जाडी ४ मिमी ठरलेली. वनस्पतीच्या अर्कात लहान, मोठे, विरघळणारे, न विरघळणारे असे शेकडो रेणू असतात. टॅनिनसारखा जाडजूड रेणू अगारमधून फार सरकत नाही. प्रोटॉन घेऊन धनभारित झालेलं अल्कलॉइड अगारमधल्या ऋणभारित गटांना अडकून बसू शकतं. म्हणजे झोन न येणं हे कधीकधी ‘मारत नाही’ याऐवजी ‘पोहोचत नाही’ एवढंच सांगतं.

म्हणून एमआयसी काढा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ब्रॉथ घेऊन अर्क दर खळग्याला निम्मा करत जा. अर्काचा रंग गडद असल्याने गढूळपणा डोळ्यांना दिसणार नाही, तेव्हा शेवटी रेसाझुरिन घाला. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. फक्त अर्काचा, जिवाणू न घातलेला एक स्तंभ ठेवा, कारण काही वनस्पतिजन्य द्रव्यं स्वतःच रेसाझुरिनचा रंग पालटतात. अंकाचा अर्थ लावताना जमिनीवर राहा. सिप्रोफ्लॉक्सासिनचा एमआयसी ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणावर ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिली असतो. कच्च्या अर्काचा १०० च्या खाली आला तर कान टवकारायचे आणि १००० च्या वर असेल तर प्रबंधाच्या सारांशात ‘प्रभावी’ हा शब्द वापरायचा नाही.

शुद्ध अल्कलॉइडचा भाग वेगळा काढलात तर कामाला वजन येईल. २० ग्रॅम भुकटी सौम्य आम्लात रात्रभर भिजवा, गाळा, हेक्झेनने धुऊन स्निग्धांश काढा, मग अमोनियाने पीएच ९-१० वर न्या आणि क्लोरोफॉर्ममध्ये तीनदा ओढून घ्या. टॅनिन पाण्यातच राहतात. सेपरेटिंग फनेल जोरात हलवू नका, नाहीतर लोण्यासारखा फेस होतो आणि संध्याकाळपर्यंत थर वेगळे होत नाहीत. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, क्लोरोफॉर्म चेष्टेवारी घेण्यासारखा नाही. टीएलसीसाठी, म्हणजे पातळ थराच्या प्लेटवर द्रव्यं वेगळी करून पाहायला, टोल्युइन, इथाइल ॲसिटेट आणि डायइथाइलअमाइन ७:२:१ घ्या. इथे एक हमखास होणारी चूक आहे. प्लेट यूव्हीखाली धरून ‘काहीच नाही’ म्हणत मुलं ती फेकून देतात. कोनेसीनमध्ये यूव्ही शोषणारी रचना जवळपास नाहीच, ते तिथे दिसणार नाही. ड्रॅगेनडॉर्फ फवारा, मग नारिंगी ठिपके उमटतील. शेजारी कोनेसीनचा प्रमाण नमुना लावलात की कुडा आहे की नाही याचाही निकाल लागतो.

हे सगळं करूनही ई. कोलायवर फार काही मिळालं नाही, तर? मला आश्चर्य वाटणार नाही, आणि आजी त्यामुळे खोटी ठरत नाही. एक तर कुड्याची ख्याती आवेवर आहे, आणि आव बरेचदा एंटअमीबा हिस्टोलिटिकाने होते. तो अमीबा आहे, जिवाणू नाही. ई. कोलायच्या प्लेटवर त्याचं उत्तर शोधणं म्हणजे हरवलेली किल्ली जिथे उजेड आहे तिथेच शोधणं. दुसरं, जुलाब थांबायला जंतू मरावाच लागतो असं नाही. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर काम प्रसिद्ध केलं. तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. पण जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं बरंच कमी झालं, आणि जुलाब घडवणाऱ्या विषांच्या कामातही अडथळा आला. त्या काढ्याची तुमच्यासारखी प्लेट लावली असती तर निकाल शून्यच आला असता. कुडा नेमका तसाच वागतो असं मी म्हणत नाही, पण ‘झोन नाही’ आणि ‘उपयोग नाही’ यांच्यामध्ये केवढं अंतर आहे ते यातून दिसतं.

तिसरी वाट मला सगळ्यांत रोचक वाटते. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या पटलात पंप असतात, आत आलेलं प्रतिजैविक ते बाहेर फेकतात. २०१७ मध्ये थायलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की कोनेसीन स्युडोमोनास एरुजिनोसाचे असे पंप अडवतं आणि मग काही प्रतिजैविकं कमी मात्रेत लागू पडतात. म्हणजे एकटं कोनेसीन फार मोठा मारेकरी नसेलही, दुसऱ्यासाठी दार धरून ठेवणारा गडी असू शकतो. तुमच्याकडे वेळ असेल तर एमआयसीच्या त्याच प्लेटमध्ये अल्कलॉइडचा भाग आणि एखादं प्रतिजैविक आडवं-उभं मिसळून पाहा. चेकरबोर्ड म्हणतात तीच पद्धत. शून्य झोनपेक्षा यावर चांगला प्रबंध होईल.

दोन गोष्टी प्रयोगाबाहेरच्या. प्लेटवर काही चांगलं दिसलं म्हणून घरी मात्रा वाढवून कुणाला देऊ नका. कोनेसीन मेंदूपर्यंत पोहोचतं, तिथल्या हिस्टामिनच्या एच३ ग्राहकांना अडवतं, आणि औषध म्हणून वापरात असताना झोप उडणं, चक्कर, अस्वस्थता अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. आजीची चिमूटभर उगाळणी वेगळी आणि क्लोरोफॉर्मने काढलेला अल्कलॉइड वेगळा. गरोदर बाईला आणि लहान मुलाला तर नाहीच. शौचात रक्त, ताप किंवा मूल मलूल पडलेलं असेल तर आधी ओआरएस आणि दवाखाना. आणि साल काढताना खोडाभोवती कडं काढू नका, झाड उभं वाळतं. फांदीची साल घ्या. जंगलातून आणणार असाल तर वनविभागाची परवानगी लागते, आणि जैवविविधता कायदा, २००२ चं काय लागू होतं ते कॉलेजला विचारून घ्या.

गाइडना सांगायचं तर एवढंच सांगा: ‘पाण्यातला अर्क निष्क्रिय’ याऐवजी सध्या ‘थंड करून गाळलेल्या पाण्याच्या अर्काने या दोन जिवाणूंवर झोन दिला नाही’ असं लिहू. ते खरं आहे आणि परीक्षकाला त्यावर बोट ठेवता येणार नाही. मग सालीची ओळख, साक्याची चाचणी, डीएमएसओ आणि बाभळीचे खड्डे, एमआयसी, या क्रमाने चला. महिन्याभरात होईल.

आणि सुट्टीत पेठला गेलात की आजीला शेजारी बसून काढा करायला सांगा, वही घेऊन. मूळ घेते की साल, किती पाणी, किती आटवते, ताक घालते का, आणि गाळताना फडकं वापरते की चहाची गाळणी.